बडीशेपेची पेटी

कारखानीसकाका घरी आलेल्या माणसाला आधी कोट काढायला लावत, मग बूट आणि मग त्याचं मत. ही तिसरी गोष्ट दाराशी काढून ठेवली नाही, तर आत बसणं अवघड जाई.

मी साउथहॅम्प्टनला एम.ए. करायला आले तेव्हा त्यांच्या घरी, वरच्या खोलीत, पेइंग गेस्ट होते. ओळख आईच्या मैत्रिणीकडून निघाली होती. माझा विषय होता ऑस्ट्रेलियातले ॲबोरिजिनल, न्यूझीलंडमधले माओरी आणि त्या दोन्ही देशांत जाऊन वसलेले युरोपियन यांचा इतिहास. पहिल्या दिवशी चहा पिताना मी हे सांगितलं. काकांनी कप बशीत ठेवला आणि वसुधाकाकूंकडे बघून ते हसले.

"एवढी फी भरून हे शिकायला आलीस? मला फोन करायचास. मी फुकट सांगितलं असतं."

"ते तसंही सांगणारच आहेत," काकू म्हणाल्या. "आणि फुकटच. तू बिस्किट घे."

डॉ. अनंत कारखानीस भूलतज्ज्ञ होते. तरुणपणी काही वर्षं ऑस्ट्रेलियात, मग न्यूझीलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका लहान गावात आणि शेवटी इथे, असा त्यांचा प्रवास झाला होता. रिटायर झाले होते तरी घरातसुद्धा ब्लेझर घालून वावरत. पाहुणे येणार असले की ब्लेझरची पितळी बटणं रुमालानं पुसत. बोलताना मधेच थांबून ते समोरच्याच्या डोळ्यांत बघत, भूल चढली की नाही ते पाहावं तसे. बहुतेक वेळा चढलेली असे.

माझ्या मराठीची त्यांना कीव येई. "तुम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना धड एक भाषा येत नाही," असं म्हणून पुढचं वाक्य ते "बेसिकली, द प्रॉब्लेम इज" असं सुरू करत. मी मुळात कमी बोलते. त्या घरात आणखी कमी बोलू लागले. काकांना ते आवडलं. "चांगली ऐकते पोरगी," असं ते लोकांना सांगत.

त्यांची बैठकीची खोली म्हणजे त्यांच्या दृष्टीनं एक म्युझियम होतं. फरक इतकाच, की म्युझियममध्ये वस्तूंना हात लावायला मनाई असते आणि इथे त्या कामाला जुंपलेल्या होत्या. एका बूमरँगनं काका पाठ खाजवत. लाकडाचं एक उथळ, लांबट पात्र होतं. ॲबोरिजिनल बायका तान्ह्या मुलांना निजवून नेतात तसलं. त्यात टीव्हीचे रिमोट आणि नेलकटर असे. आणि साइडबोर्डवर मधोमध एक कोरीव पेटी होती. हातभर लांब, होडीसारख्या निमुळत्या टोकांची, झाकणावर निळसर शिंपल्याचे डोळे बसवलेली. तिच्यात जेवणानंतरची बडीशेप असे.

एका संध्याकाळी मी रिमोट बाजूला करून ते लाकडी पात्र हातात घेतलं.

"हे कुठे मिळालं, काका?"

"क्वीन्सलंडला. एक पेशंट विसरून गेली."

"विसरली?"

"अगं, बाळाला वेल्फेअरवाले घेऊन गेले. मग हे नेऊन ती काय करणार?" त्यांनी चॅनेल बदललं. "शिवाय त्या लोकांना वस्तूंची ओढच नसते. अगदी डिटॅच्ड. आपल्याकडच्या संन्याशांसारखे."

त्याच आठवड्यात मी या वेल्फेअरवाल्यांबद्दल वाचत होते. सरकारी माणसं ॲबोरिजिनल आयांकडून मुलं कशी उचलून नेत, किती आयांना ती पुन्हा कधी दिसली नाहीत. मूल उचलून नेलं त्या खोलीत कुणी डॉक्टरही उभा असेल, हे माझ्या मनात आलं नव्हतं. तो इतकी वर्षं त्या आईच्या पात्रात रिमोट ठेवत असेल, हे तर नाहीच. ज्यांना वस्तूंची ओढ नसते, त्यांच्या वस्तूंनी भरलेल्या त्या खोलीत काका क्रिकेटचा स्कोअर बघत होते. मी पात्र खाली ठेवलं आणि रिमोट त्यात पुन्हा ठेवावेत की नाही ते न कळून टीपॉयवर ठेवले. काकांनी ते उचलून पात्रात ठेवले.

त्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट मात्र दोन दारांची होती. क्वीन्सलंडमधल्या त्या हॉस्पिटलला दोन दारं होती. पुढचं गोऱ्यांचं. मागचं ॲबोरिजिनल लोकांचं. ते व्हरांड्यात उघडायचं आणि त्यांच्या खाटाही व्हरांड्यातच असायच्या. नोकरीच्या पहिल्या दिवशी काका टॅक्सीतून उतरले आणि बॅग घेऊन लॉनवर उभे राहिले. कुठल्या दारानं जायचं ते त्यांना कळेना. तेवढ्यात मेट्रन बाहेर आली.

"आणि ती काय म्हणाली माहितेय? धिस वे, डॉक्टर. पुढच्या दारानं."

गोष्ट इथे संपे. नवखा श्रोता आणखी काहीतरी येईल म्हणून वाट बघे. काही येत नसे. काका फक्त शेवटचं वाक्य जोडत, "आपण तिथे सेटलर नव्हतो. आपण स्पेशालिस्ट."

पहिल्यांदा ही गोष्ट ऐकली तेव्हा मला त्या लॉनवर उभ्या असलेल्या तरुण माणसाबद्दल वाईट वाटलं. तो तिथे किती वेळ उभा होता, हे काका कधीच सांगत नसत. पण पुन्हा पुन्हा ऐकल्यावर लक्षात आलं, की आत गेल्यावर त्यानं मागच्या दाराकडे वळूनही पाहिलं नव्हतं. उलट ते दार होतं म्हणूनच पुढच्या दाराला किंमत होती. आयुष्यभर हा माणूस त्या मेट्रनच्या मागून आत शिरत राहिला होता.

ऑक्टोबरात इथल्या मराठी मंडळात त्यांचं व्याख्यान झालं. चर्चच्या हॉलमध्ये, स्लाइड्ससकट. काका बरेच उशिरा आले आणि सुरुवातीलाच म्हणाले की ॲबोरिजिनल माणसाला वेळेची जाणीव नसते. लोक हसले. बटाटेवडे फिरत होते. पडद्यावर एकामागून एक चेहरे येत होते आणि त्या एकाही चेहऱ्याला काकांकडे नाव नव्हतं. "टिपिकल," एवढंच म्हणून ते पुढे जात.

मग पडद्यावर साइडबोर्डवरची पेटी आली.

"याला म्हणतात वाका हुइआ. माओरी सरदार डोक्यात पिसं खोवायचे, ती ठेवायची पेटी. आता गंमत ऐका. माओरींमध्ये माणसाचं डोकं सगळ्यात पवित्र. डोक्याला लागलेली वस्तू अन्नाजवळ येता कामा नये. आली तर तो त्या घराण्याचा अपमान. आपल्या सोवळ्याओवळ्यासारखंच, बरं का."

मी खुर्चीत ताठ झाले. म्हणजे त्यांना माहीत होतं. मला आतापर्यंत वाटत होतं, की नसेल.

घरी जेवण झाल्यावर त्यांनी नेहमीसारखी पेटी उघडून माझ्यासमोर धरली. मी सगळं धैर्य गोळा करून म्हटलं, "काका, तुम्हीच आज सांगितलंत ना, की यात अन्न ठेवत नाहीत?"

"अगं, ते त्यांचं. आपल्याला कुठे लागू?"

"मागच्या वर्षी प्लंबरनं देवघराच्या फळीवर चहाचा मग ठेवला होता," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "तेव्हा यांनी देव पुन्हा धुवायला लावले. आणि त्या माणसाला उभं करून लेक्चर दिलं, दुसऱ्याच्या कल्चरचा मान कसा ठेवावा त्याचं. गळका नळ तसाच राहिला."

"वसुधा, ते वेगळं."

"वेगळंच. तो आपला देव."

काकांनी चिमूटभर बडीशेप तोंडात टाकली आणि झाकण लावलं.

विद्यापीठात अरोहा नावाची एक माओरी मुलगी पीएच.डी. करत होती. मुलगी म्हणते, पण माझ्यापेक्षा बरीच मोठी होती. लायब्ररीत आम्ही समोरासमोर बसत असू. ती मोठ्यानं हसायची, मी हसले नाही तरी तिला चालायचं. एकदा कॉफी पिताना तिनं विचारलं, कुठे राहतेस? मी काकांबद्दल सांगितलं. न्यूझीलंडमधल्या त्या गावाचं नाव सांगितलं, तशी ती पुढे झुकली.

"त्या डॉक्टरकडे एक पेटी आहे का?" तिनं विचारलं. "झाकणावर शिंपल्याचे डोळे?"

मग तिनं जे सांगितलं ते मी शक्य तितकं तिच्याच शब्दांत लिहिते.

पेटी तिच्या आजीच्या आईची. घरात मृत्यू झाला, जमीन भाडेपट्ट्यानं शेजारच्या गोऱ्या शेतकऱ्याकडे गेली, घर रिकामं झालं, आणि पेटी त्या शेतकऱ्यानं 'जपून ठेवतो' म्हणून नेली. पुढे तिची आजी त्याच शेतकऱ्याच्या घरी स्वयंपाकाला लागली. पेटी समोरच्या खोलीत शेकोटीच्या वर असायची. आजीच्या हातांना दिवसभर अन्न लागलेलं, म्हणून ती कधी त्या खोलीत पेटीजवळ गेली नाही. दारात उभी राहून बघायची आणि स्वयंपाकघरात परत जायची. कित्येक वर्षं. एक दिवस शेकोटीवरची जागा रिकामी दिसली. मालकीण म्हणाली, गावातला इंडियन डॉक्टर इंग्लंडला चाललाय, त्याला निरोपाची भेट दिली.

"आमच्या घरात लहानपणापासून ऐकतेय," अरोहा म्हणाली. "इंडियन डॉक्टर. नॅन, म्हणजे माझी आजी, आता फार थकलीय. हृदय नीट चालत नाही. तिला ती पेटी एकदा हातात घ्यायचीय. आता ती कुणाचा स्वयंपाक करत नाही."

मी काकूंना सांगून अरोहाला दिवाळीच्या फराळाला बोलावलं. मला वाटलं, ती समोर आली की सगळं आपोआप होईल. अशा गोष्टी आपोआप होतात असं मला त्या वयात वाटायचं.

फराळ झाला. काका तिच्यावर खूश होते. माओरी पाहुणी, तीही पीएच.डी. करणारी. मी काही बोलायच्या आत त्यांनी पेटी उचलली आणि झाकण काढून तिच्यासमोर धरली.

"माउथ फ्रेशनर, माय डिअर."

अरोहाचा हात मांडीवरून उचलला गेला आणि तिथेच थांबला. मग तिनं तो मागे घेतला. काकांना वाटलं, तिला बडीशेप माहीत नाही. मग त्यांना आठवलं.

"आय नो, आय नो," ते हसले. "तुमच्या लोकांत डोकं पवित्र मानतात." आणि त्यांनी तिला तिच्या लोकांची सगळी समजूत समजावून सांगितली. व्याख्यानातलीच वाक्यं, त्याच क्रमानं. ती ऐकून घेत होती. काकू माझ्याकडे बघत होत्या.

ते थांबले तेव्हा अरोहा इंग्रजीत म्हणाली, "या पेट्या छपराला टांगायचे, डॉक्टर. माणसं खालून बघायची. म्हणून सगळ्यात चांगलं कोरीव काम खाली असतं. मी खालची बाजू बघू का?"

काका पहिल्यांदाच अडखळले. त्यांनी पेटी रिकामी करून उलटी केली. खाली टोकापासून टोकापर्यंत हिरवं फेल्टचं जाड कापड चिकटवलेलं होतं.

"साइडबोर्डला चरे पडू नयेत म्हणून," ते म्हणाले. "मीच लावलं. इथे आल्या आल्या."

"खाली दोन चेहरे आहेत," अरोहा म्हणाली. "जिभेला जीभ लावलेले. नॅन सांगते."

काकांनी नखानं एक कोपरा सोलला. वाळलेला डिंक पापुद्र्यासारखा उडाला. आधी एक जीभ दिसली, मग दुसरी. मग डिंकानं पिवळा पडलेला एक शिंपल्याचा डोळा. अरोहानं तोंडावर हात ठेवला. तिनं आजीची गोष्ट सांगितली, मला सांगितली होती तशीच, आणि पेटी मागितली.

"ऑफ कोर्स," काका म्हणाले. क्षणाचाही विचार न करता. "ती तिकडेच गेली पाहिजे."

मी या माणसाला उगाच नावं ठेवली, असं मला वाटलं. तेवढ्यात ते म्हणाले, "पण नीट. अशी पिशवीत घालून नाही. प्रॉपर हँडओव्हर झाला पाहिजे."

त्यानंतर त्या घरात हँडओव्हरशिवाय दुसरा विषय राहिला नाही. मेयर हवेत, मंडळ हवं, लोकल पेपरचा माणूस हवा, न्यूझीलंडच्या हाय कमिशनमधून कुणीतरी हवं. मेयर डिसेंबरात बिझी होते. जानेवारीत मंडळाचा हॉल मिळत नव्हता. काकांनी भाषण लिहिलं आणि ते ब्रेकफास्टला वाचून दाखवू लागले. त्यात मेट्रन होती, पुढचं दार होतं, 'दोन प्राचीन संस्कृती' होत्या. आजी नव्हती.

अरोहा अधूनमधून फोन करी. नॅन हॉस्पिटलमध्ये आहे. नॅन घरी आली. नॅन विचारते, पेटी निघाली का?

"अहो, देऊन टाका की," काकू म्हणाल्या. "म्हातारी वाट बघतेय."

"वसुधा, देण्यालाही एक ग्रेस लागते. उद्या लोक म्हणतील, कारखानीसांनी चोरीचा माल गुपचूप परत केला."

"लोकांना काय माहीत? तुम्हीच सगळ्यांना सांगत सुटलाय."

काकू रागानं बडीशेप स्टीलच्या डब्यात काढून ठेवत. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पेटीत असे. "सेरेमनी होईपर्यंत ती इथलीच आहे," काका म्हणत. त्यांनी सोललेलं फेल्टही पुन्हा डिंक लावून बसवलं. मेयरसमोर ते एकदम सोलून दाखवायचं होतं. "इफेक्ट असतो," ते मला म्हणाले. तेव्हापासून मी त्यांच्या घरात बडीशेप घेतली नाही. काकांच्या ते लक्षातही आलं नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी बेल वाजली. अरोहा होती, एकटी, केस न विंचरलेली. काकूंनी तिला आत घेतलं. काका जिन्यावरून खाली आले.

"नॅन गेली," ती म्हणाली. "रात्री फोन आला. मी संध्याकाळच्या विमानानं निघतेय."

काकूंनी तिचा हात धरला. काकांनी मान खाली घातली, आणि तसे ते बराच वेळ उभे राहिले. तेवढ्यापुरते ते मला खरंच चांगले वाटले.

"आय ॲम सो सॉरी, माय डिअर," ते म्हणाले. मग मान वर करून, अगदी मायेनं म्हणाले, "म्हणजे आता तशी घाई राहिली नाही. मेयरची एप्रिलची तारीख मिळतेय."

काकांनी आमच्या तिघींकडे पाहिलं. चुकलं काय, ते त्यांना कळेना.

"आमच्याकडे तिला तीन दिवस घरच्या माणसांत ठेवतील," अरोहा म्हणाली. "तिच्या उशाशी ती पेटी असायला हवी. मी न्यायला आले आहे."

काकू पुढे झाल्या. साइडबोर्डवरची पेटी घेतली, बडीशेप रद्दीच्या कागदावर ओतली, कोरड्या फडक्यानं आतून पुसली, मग थांबून ते फडकं टाकून दिलं आणि देवघरातलं धुतलेलं वस्त्र घेऊन पुन्हा पुसली. काका "अगं, अगं," म्हणत त्यांच्या मागे दोन पावलं गेले. काकूंनी पेटी अरोहाच्या हातात दिली. अरोहानं ती छातीशी धरली आणि डोळे मिटले.

"बरं, बरं," काका म्हणाले. "मग निदान फोटो. पेपरला द्यायला तरी." आणि त्यांनी आपला नवा डिजिटल कॅमेरा ड्रॉवरमधून काढून माझ्या हातात दिला. "हे बटण. फ्लॅश आपोआप उडतो."

मी अरोहाकडे पाहिलं. तिनं होकारार्थी मान हलवली. लवकर होऊ दे, असं काहीतरी तिच्या मनात असावं. ती जिथे होती तिथेच उभी राहिली. काका तिच्या शेजारी गेले आणि त्यांनी एक हात पेटीच्या झाकणावर ठेवला.

"थोडी वर धर, माय डिअर. इकडे बघ. कॅमेऱ्याकडे."

तिनं पेटी वर धरली नाही आणि कॅमेऱ्याकडे पाहिलंही नाही. तिला तिथून निघता येत नव्हतं, कारण त्यांचा हात झाकणावर होता, आणि तो नुसता ठेवलेला नव्हता. त्यांनी झाकण धरलेलं होतं. मी बटण दाबलं. फ्लॅश उडाला तेव्हाच त्यांनी हात उचलला.

"एक आणखी घे," ते मला म्हणाले. "माझे डोळे मिटले असतील."

अरोहा तोपर्यंत वळली होती. काकू तिच्यापुढे जाऊन पॅसेजचं दार उघडत होत्या. काकांनी बाजूला पाहिलं नाही. त्यांचं लक्ष कॅमेऱ्याकडे होतं. त्यांनी केसांवरून हात फिरवला, हनुवटी थोडी वर केली, आणि हात पुन्हा पेटीच्या उंचीवर नेऊन ठेवला. बाहेरचं दार लागल्याचा आवाज आला. काका रिकाम्या हवेवर हात ठेवून हसत उभे होते, आणि मला विचारत होते, की तयार आहेस ना.